सव्वीस जुलै, ठाणे आणि मामाचा पाय

हौसेनं कुणी जुलैत ठाण्याला जात नाही. आम्हीही हौसेनं गेलो नव्हतो. मामाला एका शाळेनं कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं आणि ‘त्यांना एकटं सोडू नकोस, पावसाचे दिवस आहेत’ असं मामीनं मला फोनवर दोनदा बजावलं होतं. मामा साताऱ्याजवळच्या एका गावचा. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातून, नाईक म्हणून घरी आला. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. गुरुवारी तो पुण्याला माझ्याकडे उतरला, आधी एएलसीत जाऊन आला. एएलसी म्हणजे आर्टिफिशियल लिम्ब सेंटर. १९४४ पासून सैनिकांना हातपाय करून देणारी जागा. मामा तिला ‘माझं माहेर’ म्हणतो, कारण दर वर्षा-दोन वर्षांनी तिथं जावंच लागतं. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, कुठंतरी टोचत होतं ते घासून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी आम्ही वाशीची बस धरली.

शुक्रवार, २५ जुलै : कोपरखैरणे, घणसोली

घाटात धुकं, खाली उतरल्यावर पाऊस, वाशीला पुलाखाली उतरलो तर तिथंही पाऊस. आतेबहिणीचा नवरा दोन छत्र्या घेऊन उभा होता.

त्यांचं घर कोपरखैरण्यात, माथाडींच्या वस्तीत. नवी मुंबई म्हटलं की लोकांना पाम बीच रोड आणि काचेच्या इमारती आठवतात. मला या गल्ल्यांत शिरलं की सातारा स्टँडवर उतरल्यासारखं वाटतं. कानावर पडणारी बोली आपली, दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं आपल्याच तालुक्यातली. मार्केटात पोती वाहायला आलेली ही माणसं १९६९ चा माथाडी कायदा झाल्यावर हळूहळू स्थिरावली. ‘‘एका घरातला एक भाऊ पाठीवर पोतं घ्यायला मुंबईला गेला, दुसरा पिठ्ठू घ्यायला फौजेत,’’ मामा म्हणाला. पिठ्ठू म्हणजे जवानाची पाठपिशवी. बहिणीचे सासरे कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं होते, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. मामानं त्यांच्याकडे बघून हिशोब मांडला, ‘‘तुमचे दोन दुखतात, माझा एकच. मी फायद्यात.’’

घरात शिरल्यावर मामाचं पहिलं काम ठरलेलं असतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, पँट वर करायची आणि पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायचा. मग पांढरा सुती मोजा उतरवायचा. हा मोजा पायात घालायचा नसून उरलेल्या पायावर, म्हणजे फौजी भाषेत स्टंपवर, चढवायचा असतो. त्यावर सॉकेट बसतं. मग खिशातून छोटा गोल आरसा काढून स्टंपच्या खालच्या बाजूला कुठं लाल झालंय का ते बघायचं. दाढीचा आरसा असतो तसाच, पण याचं काम वेगळं. पावसाळ्यात मोजा ओला राहिला की कातडी सोलते. म्हणून मोजे कायम पाच-सहा जवळ ठेवायचे. बहिणीचा पाच वर्षांचा पोरगा दारातून हे सगळं बघत होता. त्यानं भिंतीला टेकवलेल्या पायातल्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली.

जेवायला बसलो आणि मामाचा चेहरा पडला. आदल्याच दिवशी दिव्यांची अवस झाली होती, आज श्रावण लागला. ‘‘एक दिवस आधी आलो असतो तर मटण मिळालं असतं,’’ हे तो तीन दिवसांत बहुधा सात वेळा म्हणाला.

संध्याकाळी घणसोलीला काकूंकडे गेलो. लोकलनं पुढचंच स्टेशन. (पावसात रिक्षाच्या नादी लागू नका, लोकल बरी पडते.) काकू म्हणजे मामाच्या कंपनीतल्या मित्राची बायको. मामा त्यांना वहिनी म्हणतो, त्या मामाला भावजी. नवरा गेल्यावर काही वर्षांनी त्या भावाच्या आधारानं इथं आल्या आणि आता पोळीभाजी केंद्र चालवतात. रोजच्या तीनशे-साडेतीनशे पोळ्या. गिऱ्हाईक म्हणजे ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांमधली पोरंपोरी.

श्रावणातला पहिला शुक्रवार, म्हणून काकूंनी जिवती मांडली होती. भिंतीवर जिवतीचा छापील कागद, त्याला आघाड्याची-दुर्वांची माळ, शेजारी वर्दीतला काकांचा फोटो. पुरणाचे दिवे ओवाळून झाले. मूल परगावी असेल तर त्याच्या नावानं चारही दिशांना अक्षता टाकतात. काकूंचा मुलगा हैदराबादला नोकरीला. काकू अक्षता घेऊन खिडकीशी थांबल्या. ‘‘हैदराबाद कुठं येतं हो भावजी?’’

मामानं बसल्या जागी खिडकी बघितली, मान जराशी फिरवली आणि बोट दाखवलं. ‘‘पूर्वेला. थोडं आग्नेयेकडं धरा.’’

सॅपरचा नकाशा डोक्यात असतो.

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. मामाचा पाय कारगिलमध्ये गेला असं सगळ्यांना वाटतं, कारण मामा कारगिलला होता. पण पाय गेला डिसेंबर २००२ मध्ये, राजस्थानच्या सीमेवर. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर सगळी फौज सीमेवर नेऊन उभी केली. ऑपरेशन पराक्रम. दहा महिने दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर होत्या. युद्ध झालं नाही. मात्र सीमेवर मैलोन्‌मैल सुरुंग पेरून ठेवले होते. ऑक्टोबर २००२ मध्ये माघारीचं ठरलं आणि मग पेरलेलं परत काढायचं काम सॅपर्सच्या अंगावर आलं. कुठं काय पुरलंय त्याची नोंद होती, पण मामाच्या शब्दांत सांगायचं तर ‘वाळू जागा बदलती, नकाशा बदलत न्हाई’. एका सकाळी एक सुरुंग नकाशातल्या जागेवर नव्हता. काका गेले. दहा पावलं मागं मामा होता.

मेडलांची गंमत याच्यापुढची. लढाईत जखमी होणाऱ्याला पराक्रम पदक मिळतं. अट एकच, जखम शत्रूच्या थेट कारवाईत झालेली हवी. इथं सुरुंग आपलाच. त्यामुळे पदक नाही. पण त्या मोहिमेवर तैनात असलेल्यांना ऑपरेशन पराक्रमचं मेडल मिळालं, ते मामाकडं आहे. ‘‘पराक्रमात पाय गेला, पराक्रमचं मेडल हाय, पराक्रम पदक न्हाई,’’ हे वाक्य मामा एका दमात म्हणतो आणि ऐकणारा गोंधळला की खूश होतो. पेन्शन मात्र व्यवस्थित मिळते, तिच्याबद्दल त्याची तक्रार नाही. काकूंकडच्या पुरणपोळीबद्दलही नव्हती. चार खाल्ल्या.

शनिवार, २६ जुलै : ठाणे

शाळेची गाडी आठ वाजता घ्यायला येणार होती. ती आली नाही. नऊला फोन केला तर ‘पाणी भरलंय, तुम्ही ट्रेननं या, स्टेशनवर माणूस उभा करतो’ असं उत्तर मिळालं. काकूंनाही त्याच कार्यक्रमाला बोलावलं होतं. त्या घणसोलीला लेडीज डब्यात चढल्या, मी मामाबरोबर दिव्यांगांच्या डब्यात.

त्या डब्यात काय चालतं ते एकदा बघाच. निम्मे लोक धडधाकट, मोबाईलमध्ये मान घालून बसलेले. मामा फुलपँटीत ताठ उभा राहिला की कुणाला काही कळत नाही. एका काठीवाल्या गृहस्थांनी त्यालाच दटावलं, ‘‘अहो, हा डबा अपंगांचा आहे.’’ मामानं छत्रीच्या टोकानं नडगीवर टकटक केलं. आवाज ऐकून गृहस्थ हसले आणि सरकून बसले. मग रबाळे-ऐरोली-दिघागाव होईपर्यंत दोघांचं पायपुराण चाललं. कुठला पाय, कुणी केला, पावसात फुगतो का.

मी मधेच विचारलं, ‘‘मामा, जखमी जवानांचा असा वेगळा दिवस असतो का रे?’’ अमेरिकेत ७ ऑगस्टला असा एक दिवस पाळतात, कारण १७८२ मध्ये त्या तारखेला वॉशिंग्टननं सैनिकांसाठी एक सन्मानचिन्ह सुरू केलं होतं आणि आजचं पर्पल हार्ट हे जखमींना मिळणारं पदक त्याच्यातून आलं. हे मी कुठंतरी वाचलं होतं.

मामानं बोटं मोजायला घेतली. १४ जानेवारी माजी सैनिक दिन, जनरल करिअप्पा १९५३ मध्ये त्या तारखेला निवृत्त झाले म्हणून. ‘‘पण त्या दिवशी संक्रांत. तिळगूळ खाण्यात जातो.’’ १५ जानेवारी सेना दिन. २६ जुलै आजचा. ७ डिसेंबर ध्वजदिन. १६ डिसेंबर विजय दिवस, एकाहत्तरचा. ‘‘२०१८ सालात अख्खं वर्ष आमचं हुतं,’’ तो म्हणाला. खरंच, लष्करानं ते वर्ष कर्तव्यावर असताना अपंगत्व आलेल्या जवानांच्या नावानं पाळलं होतं. ‘‘मग? काय झालं त्या वर्षी?’’ ‘‘काय व्हायचंय? २०१९ आलं.’’

त्या काठीवाल्या गृहस्थांना मुरलीकांत पेटकर आठवले. जखमी जवान म्हटलं की आता बऱ्याच जणांना तेच आठवतात. ६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलेला हा सांगली जिल्ह्यातला गडी, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मामा म्हणाला, ‘‘ते पोहले म्हणून कळले तरी. जो पोहत न्हाई त्याचं काय?’’ आणि ठाणे आलं.

ज्यांच्याबरोबर चालायला त्रास असणारं माणूस आहे त्यांच्यासाठी : ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईहून येणाऱ्या, गाड्या ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटांवर लागतात. पश्चिमेला यायचं तर पूल ओलांडावा लागतोच. सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारून मगच चालायला लागा, नाहीतर अख्खा फलाट दोनदा मोजावा लागतो. आम्ही मोजला.

स्टेशनवर ‘माणूस’ नव्हता. बाहेर नडगीपर्यंत पाणी. मामानं डावी पँट दुमडली, उजवी दुमडली नाही. ‘‘ह्याला थंडी वाजत न्हाई.’’ रिक्षा मिळाली तेव्हा त्याच्या उजव्या बुटातून पाण्याची धार लागली होती.

रिक्षावाला भला होता, बोलका होता. ‘‘आज सव्वीस जुलै, काका. आमच्या अंगावर काटा येतो.’’ मला वाटलं, वा, याला माहीत आहे. पण तो २००५ बद्दल बोलत होता. ठाणे-मुंबईत सव्वीस जुलै म्हणजे तो पाऊस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. तो त्या रात्री कळव्याच्या पुलाजवळ अडकला होता, बरोबर दोन शाळकरी मुली होत्या, त्यांच्या आईबापांचा पत्ता नाही. पहाटे त्या मुलींना घरी पोचवून तो स्वतःच्या घरी गेला तर घरात पाणी. हे सगळं त्यानं इतकं जिवंत सांगितलं की शाळा कधी आली कळलं नाही. उतरताना त्यानं विचारलं, ‘‘तुम्ही कुठं होता काका त्या दिवशी?’’ मामा म्हणाला, ‘‘पुण्यात. नवीन पाय बसवून घेत हुतो.’’ त्यानं पाण्यानं निथळणाऱ्या बुटाकडे पाहिलं, मग मामाच्या छातीवरच्या मेडलांकडे. पैसे घेईना. मामानं मीटरप्रमाणे त्याच्या खिशात कोंबले.

कार्यक्रम अकराचा, पाहुणे पावसात अडकलेले, सुरू झाला पावणेएकला. पोरं साडेदहापासून सभागृहात मांडी घालून बसलेली. स्टेजवर मोठा फलक. बर्फाच्या कड्यावर चढणारे जवान. मामा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला.

‘‘ही हेल्मेटं आपली न्हाईत.’’

‘‘असू दे रे मामा.’’

‘‘बंदूक पण आपली न्हाई. अगं, गोरी माणसं हायत ही.’’

इंटरनेटवरून उचललेलं चित्र असणार. काकूंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

भाषणं झाली. प्रत्येक भाषणात ५२७ आलं. ५२७ जवान शहीद झाले. आकडा बरोबर आहे. जखमी तेराशेहून अधिक होते, तो आकडा कुणाच्या कागदावर नव्हता. ‘शहीद’ या शब्दाचंही मामा एक सांगतो, की फौजेच्या कागदात हा शब्दच नाही. तिथं ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहितात, आणि त्या एका शब्दात मेलेलाही येतो आणि जखमीही. शाळेच्या फलकावर मात्र पहिलाच मावतो.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि एक रोपटं. काकूंचं नाव ‘कारगिल युद्धातील वीरपत्नी’ म्हणून पुकारलं. मामा उठायला लागला, दुरुस्ती करायला. काकूंनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मामाचं नाव आलं तेव्हा स्टेजच्या पाच पायऱ्या आडव्या आल्या. कठडा नाही. दोन तरुण शिक्षक धावत आले आणि दोन्ही बगलांत हात घालून त्याला जवळजवळ उचललंच. मामाला याच्याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही. असे कार्यक्रम करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : एकतर कठडा लावा, नाहीतर सत्कार खाली येऊन करा. उचलू नका. हात पुढे करा, धरायचा की नाही ते तो ठरवेल.

माईक हातात आल्यावर मामा म्हणाला, ‘‘कारगिलला मी हुतो. पण मला तिथं सर्दीशिवाय काही झालं न्हाई.’’ पोरं खो खो हसली, शिक्षक हसावं की नाही या विचारात. मग त्यानं सांगितलं. सॅपर्सचं काम वाट करून द्यायचं. वरच्या वाटेवर शत्रूनं पेरलेले सुरुंग रात्रीच्या अंधारात चाचपून काढायचे, दिवसा केलं तर वरून दिसतं. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला ताब्यात आलं तेव्हा हा खालच्या वाटेवर होता. ‘‘टीव्हीवर वर चढणारे दाखवतात. मी खाली येणारे बघितले. एक जखमी खाली आणायला चार-सहा धडधाकट माणसं लागायची, आणि वाट अशी की बकरीनं नको म्हणावं. स्ट्रेचरवरचा एक जण मला म्हणाला, ‘भाऊ, बूट सैल कर.’ मी बघितलं तर त्या बाजूला बूट नव्हता. पायच नव्हता. मी नुसता हात फिरवला आणि म्हटलं, केला सैल.’’

सभागृहात आवाज नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा.

‘‘तीन वर्षांनी माझा गेला तेव्हा मला कळलं, तो खोटं बोलत नव्हता. नसलेला पाय आवळतो.’’

मग राजस्थानचं सांगितलं, आणि ‘तो कारगिलचा नव्हे’ हेही सांगितलं. सूत्रसंचालकांच्या चेहऱ्यावर जरा अडचण दिसली. कुणाला प्रश्न विचारायचेत का, म्हटल्यावर चौथीतला एक मुलगा उभा राहिला. ‘‘आजोबा, तुमचा तो पाय आत्ता कुठं आहे?’’

बाई ‘अरे!’ म्हणून उठल्या. मामानं त्यांना हातानंच थांबवलं. (‘आजोबा’ जास्त लागलं असावं, मामा पंचावन्नचा आहे.) ‘‘राजस्थानात. वाळूत.’’

‘‘तो दुखतो का?’’

‘‘दुखत न्हाई. खाजतो. करंगळी आणि शेजारचं बोट. रात्री दोनला. आणि खाजवायला जागाच न्हाई, मग काय करायचं? डाव्या पायाचं तेच बोट खाजवायचं. थोडं थांबतं.’’

निम्म्या पोरांचे हात आपापल्या पायांकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा वहीचं फाडलेलं पान घेऊन आला. भाषणं चालू असतानाच चित्र काढलं होतं. वर एका पायावर उभा जवान, सलाम करतोय. खाली पिवळ्या रंगाची वाळू आणि वाळूच्या आत, बुटासकट, पाय. बुटाची नाडी बांधलेली. मामानं पान चौघडी केली नाही. एएलसीची फाईल पिशवीत होती, तिच्यात सरळ ठेवलं.

परतताना रिक्षात मामा काकूंवर तणतणला. ‘‘वहिनी, सांगायचं हुतं. ते कारगिलचे न्हवते.’’

‘‘किती वर्षं सांगितलं, भावजी. मग ते म्हणतात, पराक्रम म्हणजे? कुठलं युद्ध? झालं नाही मग गेले कसे? सगळं सांगून होईस्तोवर नारळ दुसऱ्याच्या हातात जातो.’’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘‘बोलावतात तो दिवस घ्यायचा. त्यांच्या दिवसाला कोण मांडव घालणारंय?’’

मामा गप्प. तेवढ्यात ठाण्याच्या तुरुंगाची भिंत आली. १९ एप्रिल १९१० ला इथंच अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. मी बोट दाखवलं. मामानं भिंतीकडं बघून हात जोडले आणि विषय बदलला, ‘‘भूक लागली.’’

मामलेदार मिसळ. तहसील कचेरीजवळची, म्हणून मामलेदार. श्रावणातही चालते, हा मोठा दिलासा. टीप : घाटावरचे असलात तरी फुशारकी मारू नका, पहिल्यांदा मध्यमच मागवा. मामानं तिखट मागवली आणि डोळ्यांतलं पाणी ‘पावसाचं हाय’ म्हणून पुसत राहिला. काकूंनी एक जादा पाव घेऊन शांतपणे ताट स्वच्छ केलं. नंतर मासुंद्याच्या कडेनं चक्कर मारायची होती, पण तलाव आणि रस्ता यांच्यातला फरक कळेना तेव्हा सरळ स्टेशन गाठलं.

रात्री बहिणीच्या हेअर ड्रायरनं मामाचा पाय वाळवला. पावलाच्या आत फोमसारखं काहीतरी असतं, ते पाणी पितं. बहीण ड्रायर धरून, मी टॉवेल दाबून, मामा पलंगावर एक पाय हलवत सूचना देतोय, ‘‘घोट्याकडं, घोट्याकडं.’’ मोजे पंख्याखाली दोरीवर. अर्ध्या तासात टॉवेल पिळून दोन वाट्या पाणी निघालं असेल. ठाण्याचं.

रविवार, २७ जुलै : पुन्हा घणसोली आणि परत

सकाळी पाऊस उघडला. खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाऊ, असं बहिणीचा नवरा म्हणाला, पण जुलैत फ्लेमिंगो नसतात, हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात. त्यामुळे पुन्हा काकूंकडे. रविवारी केंद्र बंद असतं.

काकूंनी जेवायला वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. हा घेवडा आमच्या कोरेगाव भागातला, तांबूस, अंगावर पट्टे. मुंबईत बसून त्या दर वर्षी गावाहून पाच किलो मागवतात. भाकरी, आमटी, ठेचा. मामानं मटणाचं नाव काढलं नाही.

जेवणानंतर त्यांनी स्टीलचा डबा काढला. काकांचं ओळखपत्र, दोन पत्रं, एसटीचा वीरपत्नींना मिळतो तो मोफत पास आणि रबर लावलेला ध्वजदिनाच्या कागदी झेंड्यांचा गठ्ठा. लाल, गडद निळा, आकाशी असे तीन पट्टे, तिन्ही दलांचे. शाळेत असताना आम्ही हे टाचणीनं खिशाला लावायचो, एक-दोन रुपये द्यायचो आणि कशासाठी ते कुणी सांगायचं नाही. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा निधी गोळा होतो. जवान गेला तर त्याच्या घरच्यांसाठी, जखमींच्या पुनर्वसनासाठी, माजी सैनिकांसाठी. ज्यांना द्यायचा आहे त्यांनी डिसेंबरची वाट बघायची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात केव्हाही देता येतो, पावती घ्या, आयकरात सवलतही आहे.

काकू दर वर्षी स्वतः शंभर झेंडे घेऊन डब्यांबरोबर गिऱ्हाइकांना देतात. ‘‘पोरं विचारतात, काकू हा कुठला पक्ष?’’

मग मोबाईल काढला. मुलगा दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक बघायला गेला होता, २०१९ मध्ये झालेलं. तिथं स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या प्रत्येक जवानाचं नाव ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आहे. त्यानं वडिलांचं नाव शोधून फोटो काढला. नावावर त्याचं बोट टेकलेलं, नखाला शाईचा डाग. काकूंनी तो फोटो इतका मोठा केला की पडद्यावर फक्त एक अक्षर राहिलं.

‘‘माझं नाव तिथं न्हाई,’’ मामा म्हणाला, ‘‘ह्यातच समाधान.’’

‘‘गप बसा,’’ काकू म्हणाल्या.

काकूंच्या घरी तारीख पाळत नाहीत, तिथी पाळतात. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. निरोप आला तो दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. महालक्ष्मीचा घट मांडलेला, कहाणी अर्धी वाचून झालेली, सरपंच दारात उभे. ती कहाणी त्यांनी पुढच्या वर्षी पूर्ण केली. व्रत सोडलं नाही. ‘‘देवीनं काय केलंय? सुरुंग तिनं पेरलावता का?’’

तिथी दर वर्षी पुढंमागं होते. ती जिथं कुठं येईल तिथं आम्ही दोघांनी घणसोलीला यायचं, असं काकूंनी जाहीर केलं. मामानं लगेच विचारलं, ‘‘मार्गशीर्षात मटण चालतं का?’’

‘‘गुरुवार सोडून.’’

चारच्या बसला वाशीला उभे राहिलो. सत्काराचं रोपटं काकूंच्या खिडकीत ठेवून आलो, तुळशीशेजारी. मामाचं स्मृतिचिन्ह बहिणीच्या घरी पलंगाखाली राहिलं. ते विसरलं की ठेवलं ते मी विचारलं नाही. त्यावर ‘कारगिल योद्धा’ असं कोरलं होतं आणि वजनाला ते चांगलं दीड-दोन किलो होतं. एएलसीची फाईल मात्र त्यानं सगळा रस्ता मांडीवर धरली होती. पुण्याला मी उतरले, तो साताऱ्याला पुढं गेला.

मंगळवारी नागपंचमीला सकाळी त्याचा फोन. ‘‘पोरी, माझा एक मोजा तुझ्या पिशवीत आलाय बघ.’’

होता. हेअर ड्रायरच्या गडबडीत टॉवेलात गुंडाळला गेलेला.

‘‘कुरिअर करू का?’’

‘‘नको. पाच हायत अजून. घणसोलीला येशील तवा आण.’’